‘रिक’ : एका जर्मानिक नामघटकाची व्युत्पत्ती व अर्थ

जर्मानिक भाषाकुलातील प्राचीन व्यक्तिनामे बहुधा द्विपदी असतात. ‘हाइनरिश’, ‘फ्रीडरिश’ या जर्मन नावांतील उत्तरपद आणि ‘रिचर्ड’मधील पूर्वपद मुळात एकच होय. इ.स. ४१० मध्ये रोम लुटणारा अलारिक आणि इ.स. ५२६ मध्ये निधन पावलेला थिओडोरिक या गॉथ राजांच्या नावांतही तेच पद आढळते.

इंग्रजी ‘रिच’ या शब्दाच्या साम्यामुळे ‘रिक’ म्हणजे धनवान, असे पुष्कळदा सांगितले जाते. हा अर्थ उत्तरकालीन आहे. मूळ अर्थ ‘सत्ताधीश’ असा होता. (मराठीतील ‘श्रीमंत’ या शब्दातही संपत्ती आणि अधिकारपदाचा मान असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.) चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात ‘रीक्स’ हा शब्द अधिकारी या अर्थी येतो, राजासाठी तेथे ‘थिउदन्स’ हा वेगळा शब्द आहे.

संस्कृत ‘राजन्’ आणि लॅटिन ‘रेक्स’ हे या पदाचे सगोत्र शब्द होत. त्यामुळे ‘रिक’ हा जर्मानिक भाषांना मिळालेला थेट वारसा असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्यातील स्वर या समजुतीच्या आड येतो. मूळ इंडो-युरोपीय दीर्घ ‘ए’ संस्कृतात ‘आ’ झाला, लॅटिनमध्ये तसाच राहिला आणि केल्टिकमध्ये ‘ई’ झाला. प्राचीन जर्मानिकमध्ये तो ‘ई’ होत नाही; वारशाने आलेला शब्द ‘रेक’सारखा झाला असता. तेव्हा हे पद केल्टिकमधून उसने घेतलेले आहे, हाच निष्कर्ष ग्राह्य ठरतो. इ.स.पू. ५२ मध्ये सीझरला शरण गेलेल्या गॉल नेत्याच्या ‘व्हर्सिंजेटोरिक्स’ या नावाचा शेवटही याच केल्टिक शब्दाने होतो.

उसनवारीचा काळही ध्वनींवरूनच ठरतो. केल्टिक प्रातिपदिक ‘रीग’ असे आहे. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जर्मानिकमध्ये ‘ग’चा ‘क’ होतो. ‘रीक’मध्ये हा बदल झालेला असल्याने शब्द त्यापूर्वीच जर्मानिकमध्ये आलेला असला पाहिजे. जर्मन भाषेतील ‘आम्ट’ (सरकारी कचेरी) हा शब्दही केल्टिक मूळाचा आहे. म्हणजे उसनवारी एकट्या शब्दाची नसून राज्यव्यवहाराच्या शब्दसंग्रहाची होती.

जोडनावांचा मात्र नेहमीच अन्वयार्थ लावू नये. ‘हाइनरिश’चा ‘गृहाचा अधिपती’ असा विग्रह जुळतो. तथापि अनेकदा आप्तांच्या नावांतील पदे घेऊन नवे नाव सिद्ध केले जाई. पुढे फ्रेंचमध्ये ‘हाइनरिश’चे ‘आंरी’ आणि इंग्रजीत ‘हेन्री’ झाले. इटालियन ‘एन्रिको’मध्ये टिकलेला ‘क’ तेथे लोप पावला आहे.