टेरी स्टायनर : मल्ल आणि वस्ताद

अमेरिकेत कुस्तीला खरा आश्रय मिळाला तो महाविद्यालयांचा. शिष्यवृत्ती, वस्ताद आणि सरावाची गादी यांची तजवीज तीच करतात, आणि राष्ट्रीय संघातील पुरुष मल्ल बहुतांशी तेथूनच येतात. नॉर्थ डकोटातील बिस्मार्क या गावचे टेरी स्टायनर हे या परंपरेचे अस्सल वारस. आयोवा विद्यापीठात, १९७२ च्या ऑलिंपिकचे सुवर्णविजेते डॅन गेबल यांच्या करड्या शिस्तीत ते घडले. त्यांचे जुळे बंधू ट्रॉय १९९२ साली, आणि ते स्वतः १९९३ साली १५० पौंडांच्या गटात, आंतरमहाविद्यालयीन राष्ट्रीय विजेते ठरले.

ओरेगन स्टेट आणि विस्कॉन्सिन येथे साहाय्यक प्रशिक्षकाची चाकरी केल्यानंतर, २००२ साली महिलांच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्या हवाली झाली; परंतु ज्या व्यवस्थेने त्यांना घडविले, तिच्यात स्त्रियांना, काही मोजक्या महाविद्यालयांचा अपवाद वगळता, थाराच नव्हता. शिवाय महाविद्यालयीन कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ठेवण्याच्या अवधीचेही मोल होते, तर ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलमध्ये त्याची पाठ गादीकडे वळविण्यावर गुण मिळतात. म्हणजे वस्तादाला आपल्या अंगवळणी पडलेली विद्याही नव्याने पारखून घेणे प्राप्त होते.

२००४ साली अथेन्स येथे महिलांच्या कुस्तीला ऑलिंपिकचे द्वार प्रथम उघडले, तेव्हा सारा मॅकमन हिने रौप्य व पॅट्रिशिया मिरांडा हिने कांस्य मिळविले. सुवर्णासाठी मात्र एक तप थांबावे लागले : २०१६ साली रिओ येथे हेलन मारूलिस हिने, लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णे जिंकलेल्या जपानच्या साओरी योशिदा हिचा अंतिम फेरीत पराभव केला. टोकियोत टमायरा मेन्सा-स्टॉक सुवर्णविजेती ठरली. आणि २०२४ साली पॅरिस येथे अमित एलोर व सेरा हिल्डेब्रँट या दोघींनी सुवर्ण मिळविले. यांपैकी हिल्डेब्रँट हिची अंतिम लढत आपल्या वाचकांच्या स्मरणात वेगळ्या कारणाने असेल, कारण त्या लढतीसाठी मुळात तिची प्रतिस्पर्धी म्हणून भारताची विनेश फोगट पात्र ठरली होती, आणि केवळ शंभर ग्रॅम जादा वजनामुळे ती बाद झाली.

तथापि पदकांच्या या जमाखर्चाहून अधिक महत्त्वाची घटना २०२१ साली घडली. २०१२ साली स्टायनर यांच्याच कारकीर्दीत लंडन येथे कांस्यपदक मिळविणारी क्लॅरिसा चुन, आयोवा विद्यापीठाने महिलांचा संघ स्थापन करताच, त्याची पहिली मुख्य प्रशिक्षिका म्हणून नियुक्त झाली. आणि २०२५ च्या जानेवारीत महिलांच्या कुस्तीला आंतरमहाविद्यालयीन राष्ट्रीय अजिंक्यपदाची रीतसर मान्यताही मिळाली. गुरूच्या विद्यापीठात शिष्येला वस्तादाचा मान मिळाला, एवढ्यापुरते हे औचित्य नाही : यापुढे महिलांच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदावर जो कोणी येईल, त्याच्यापुढचा प्रश्न कुस्तीगीर मुली कोठून आणाव्यात हा नसेल, आलेल्यांतून कोणत्या निवडाव्यात हा असेल.