पैसे पोचले, माल पोचला का?

सातोशी नाकामोतो या टोपणनावानं 31 ऑक्टोबर 2008 रोजी प्रसिद्ध झालेला बिटकॉइनचा मूळ निबंध अवघा नऊ पानांचा आहे. आज बिटकॉइन म्हटलं की भाव, गुंतवणूक आणि रातोरात झालेली श्रीमंती डोळ्यांपुढे येते. त्या निबंधाच्या सुरुवातीला मात्र यातलं काहीच नाही. तिथं गाऱ्हाणं आहे ते इंटरनेटवरच्या दुकानदारीचं. बँका आणि कार्ड कंपन्यांना गिऱ्हाईक-दुकानदारांची भांडणं सोडवावी लागतात, त्या मध्यस्थीचा खर्च व्यवहारावर चढतो आणि लहानसहान रकमांची खरेदी-विक्री परवडेनाशी होते. दिलेले पैसे मागे घेता येतात, म्हणून दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयानं पाहावं लागतं. यावर उपाय म्हणून एकदा गेले की परत न फिरणारे पैसे सुचवले होते. मग गिऱ्हाइकानं काय करायचं? त्याच्यासाठी एस्क्रोची, म्हणजे वाद मिटेपर्यंत पैसे बाजूला ठेवण्याची, नेहमीची व्यवस्था सहज उभी करता येईल, एवढं म्हणून निबंध पुढे जातो.

जे एका वाक्यात सोपं म्हणून बाजूला ठेवलं, तेच पुढे सगळ्यात अवघड ठरलं. क्रिप्टो चलनावर डिजिटल मालाचा बाजार उभारण्याचे प्रयत्न करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते तिथंच आडवं आलं.

आधी दुकानदाराची बाजू समजून घ्यायला हवी, कारण ती खरी आहे. ई-पुस्तक, गाणं, सॉफ्टवेअरचं लायसन्स, गेम उघडण्याचा सांकेतिक क्रमांक हा माल एका क्षणात हातातून जातो आणि गेल्यावर परत घेता येत नाही. चोरलेल्या कार्डावर तो घेतला, तर पुढे मूळ कार्डधारक तक्रार करतो, बँक पैसे काढून घेते आणि वर दुकानदाराला दंडही लावते. टायनीबिल्ड या गेम कंपनीनं 2016 मध्ये जाहीर तक्रार केली होती की, चोरीच्या कार्डांनी त्यांच्या दुकानातून घेतलेले गेमचे क्रमांक दुसऱ्या बाजारात स्वस्तात विकले जात आहेत. दुकान त्यांचं, माल त्यांचा आणि भुर्दंडही त्यांनाच. अशा विक्रेत्याला परत न फिरणारा पैसा हवासा वाटला, तर त्यात गैर काहीच नाही.

म्हणूनच एप्रिल 2016 मध्ये गेम विकणाऱ्या स्टीमनं बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना वाटलं की आता हे चालणार. डिजिटल मालाचं जगातलं एक मोठं दुकान, गिऱ्हाईक तरुण आणि तंत्रज्ञानाला सरावलेलं. यापेक्षा चांगली जागा कुठली? दीड वर्षात, 6 डिसेंबर 2017 रोजी, स्टीमनं ते बंद केलं आणि कारणं आकड्यांसकट सांगितली. सुरू केलं तेव्हा एका व्यवहाराला साधारण 20 सेंट शुल्क पडत होतं, बंद करताना ते 20 डॉलरच्या घरात गेलं होतं. म्हणजे कित्येकदा गेमच्या किमतीहून तो विकत घेण्याचा खर्च जास्त. ही रक्कम दुकानदाराला मिळत नाही आणि ती ठरवणंही त्याच्या हातात नसतं. बिटकॉइनच्या साखळीत, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीत, सरासरी दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक जोडला जातो, त्यात मोजकेच व्यवहार मावतात आणि गर्दी झाली की जास्त शुल्क देणारा पुढे जातो. सेकंदाला जेमतेम सात व्यवहार ओढणाऱ्या व्यवस्थेवर किरकोळ विक्री चालणार तरी कशी?

दुसरं कारण जास्त बोलकं होतं. भाव इतका हलत होता की काही दिवसांत पंचवीस टक्क्यांपर्यंत किंमत उतरायची. व्यवहार साखळीत नोंदला जाईपर्यंत भाव बदललेला असेल, तर भरलेली रक्कम कमी पडायची. मग गिऱ्हाइकाला फरक भरायला सांगायचा किंवा पैसे परत करायचे, आणि दोन्ही वेळेला ते 20 डॉलरचं शुल्क पुन्हा. लहान रकमांचे व्यवहार परवडावेत म्हणून जन्मलेलं चलन लहान रकमेलाच महाग पडलं.

यावर वाटा काढल्या गेल्या. लायटनिंगसारख्या व्यवस्थेत छोटे व्यवहार मुख्य साखळीबाहेर होतात आणि फक्त शेवटचा हिशेब साखळीवर येतो. भावाच्या चढउतारावर डॉलरशी बांधलेली स्टेबलकॉइन आली. पण मे 2022 मध्ये टेरायूएसडी नावाचं असंच एक नाणं काही दिवसांत जवळपास मातीमोल झालं. जी टिकली आहेत, त्यांतल्या बहुतेक मोठ्या नाण्यांमागे एकेक कंपनी आहे, आणि ती कंपनी एखाद्या वॉलेटमधली नाणी गोठवू शकते. म्हणजे मध्यस्थ मागच्या दारानं परत आलाच. तरीही पैसे पोचवण्याचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, बराचसा सुटलाही आहे, असं मला वाटतं. खरी अडचण पैसे पोचल्यावर सुरू होते.

ती अडचण सगळ्यात प्रामाणिकपणे अंगावर घेतली ती ओपनबझारनं. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी पोलिसांनी सिल्क रोड हा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार बंद पाडला. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये टोरांटोच्या एका हॅकेथॉनमध्ये अमीर ताकी आणि त्याच्या साथीदारांनी, कुणालाच बंद पाडता येणार नाही अशा बाजाराचा नमुना तयार केला. ब्रायन हॉफमन यानं तो उचलला, त्याचं गुन्हेगारी वळणाचं नाव बदलून ओपनबझार ठेवलं आणि सरळ मार्गाच्या खरेदी-विक्रीसाठी तो वाढवायला घेतला. युनियन स्क्वेअर व्हेंचर्स आणि अँड्रीसन हॉरोविट्झ या नामांकित भांडवलदार संस्थांनी पैसे घातले आणि एप्रिल 2016 मध्ये बाजार खुला झाला. मधली कंपनी नाही, कमिशन नाही, खातं उघडायला कुणाची परवानगी नाही. प्रत्येकाचा संगणक हेच त्याचं दुकान. सुरुवातीच्या आवृत्तीत संगणक बंद केला की दुकानाचं शटरही खाली यायचं. पुढे ही अडचण दूर झाली.

ओपनबझारचा गाभा होता तीन किल्ल्यांचा. पैसे अशा वॉलेटमध्ये जायचे की ते उघडायला तीनपैकी दोन किल्ल्या लागतील. एक गिऱ्हाइकाकडे, एक विक्रेत्याकडे, तिसरी दोघांनी मान्य केलेल्या मॉडरेटरकडे. सगळं सुरळीत झालं तर पहिल्या दोघांनी सही करायची, तिसऱ्याला कळणारही नाही. भांडण झालं तर मॉडरेटर ज्याची बाजू घेईल त्याला पैसे. मॉडरेटर एकटा पैसे पळवू शकत नाही, हे यातलं सौंदर्य. गुन्हेगारी बाजारांत नेमकं तेच व्हायचं, चालवणारेच एस्क्रोतली रक्कम घेऊन पसार व्हायचे. 2015 च्या मार्चमध्ये इव्होल्यूशन नावाच्या बाजारानं तसंच केलं. त्या मानानं तीन किल्ल्यांची रचना फार पुढची होती.

पण मॉडरेटरनं निवाडा कशावर करायचा? चपला मागवल्या तर कुरिअरची पावती असते, फोटो असतो, परत पाठवायला चपला असतात. समजा, मी सॉफ्टवेअरचं लायसन्स विकत घेतलं आणि म्हणालो की हा क्रमांक आधीच वापरलेला निघाला. विक्रेता म्हणतो, तूच वापरलास आणि आता पैसे बुडवतोयस. क्रमांक खरा आहे का, हे तो वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि वापरला की तो संपतो. ई-पुस्तकाचंही तसंच. फाइल उघडली नाही म्हणून पैसे परत घेणाऱ्यानं ती वाचून काढली असेल आणि दहा जणांना पाठवलीही असेल. एकीकडे परत न फिरणारे पैसे, दुसरीकडे परत न फिरणारा माल. आधी कुणी सोडायचं, हा पेच आहे.

हा पेच कुणाच्या आळसामुळे राहिलेला नाही. जर्मनीतल्या दार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठातल्या हेनिंग पाग्निया आणि फेलिक्स गेर्टनर यांनी 1999 मध्येच दाखवून दिलं होतं की, दोन अनोळखी पक्षांमध्ये काटेकोर न्याय्य देवाणघेवाण विश्वासू तिसऱ्याशिवाय शक्यच नाही. बिटकॉइनच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. मार्केट यार्डातल्या आडत्याला कितीही नावं ठेवली, तरी माल मोजून घेणं आणि पैशाची हमी देणं ही त्याची कामं त्याला हाकलल्यानं संपत नाहीत. ती कुणाला तरी करावीच लागतात.

मग हा तिसरा माणूस नसून गणितच असेल तर? या प्रश्नाचं एक देखणं उत्तर फेब्रुवारी 2016 मध्ये बार्बाडोसमधल्या क्रिप्टोग्राफी परिषदेत सर्वांसमोर दिलं गेलं. बिटकॉइनचे एक जुने विकासक ग्रेगरी मॅक्सवेल यांनी शॉन बोव यांच्याकडून 16 बाय 16 चौकटींच्या एका सुडोकूचं उत्तर विकत घेतलं, 0.10 बिटकॉइनला. बोव यांनी उत्तर कुलूपबंद करून पाठवलं आणि त्यासोबत एक गणिती पुरावा दिला. आत आहे ते या सुडोकूचंच बरोबर उत्तर आहे आणि कुलपाच्या किल्लीचा ठसा अमुक आहे, असं तो पुरावा उत्तर न दाखवता पटवून देत होता. मॅक्सवेल यांनी साखळीवर पैसे ठेवले, अट एकच: या ठशाशी जुळणारी किल्ली जो उघड करील त्यानं ते उचलावेत. ठरल्या वेळेत कुणी उचलले नाहीत तर ते परत मॅक्सवेल यांना. बोव यांनी पैसे उचलले आणि ते उचलतानाच किल्ली साखळीवर जाहीर झाली. उत्तर उघडलं. आधी कुणी सोडायचं, हा प्रश्नच उरला नाही. तिसऱ्याची जागा साखळीनं घेतली होती.

ही कल्पना मॅक्सवेल यांनी 2011 मध्येच मांडली होती, प्रत्यक्षात यायला पाच वर्षं लागली. 2017 मध्ये संशोधकांनी त्यातली फटही दाखवली. पुराव्याची सुरुवातीची मांडणी गिऱ्हाइकानं लबाडीनं केली, तर पैसे न देताच उत्तराबद्दल थोडीफार माहिती त्याच्या हाती लागू शकते. ती फट बुजवण्याचे मार्ग निघाले. त्याहून मोठी मर्यादा मात्र मालातच आहे. सुडोकूचं उत्तर बरोबर की चूक, हे यंत्राला तपासता येतं. कथासंग्रह जाहिरातीत सांगितला तसा आहे का, गाण्याचं ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे का, छायाचित्र विकणाऱ्याचं स्वतःचं आहे की ढापलेलं, याचं समीकरण मांडता येत नाही. जिथं चव, दर्जा आणि हक्क यांचा प्रश्न येतो, तिथं माणूसच लागतो आणि माणसाच्या वेळेचे पैसे पडतात.

एनएफटीच्या, म्हणजे डिजिटल वस्तूच्या मालकीची साखळीवरची नोंद विकण्याच्या, लाटेत हे फार ढळढळीतपणे दिसलं. साखळीवर मालकीची नोंद पक्की असते हे खरं, पण बहुतेक वेळा साखळीवर चित्र नसतंच, चित्राकडे नेणारा दुवा असतो. नोंद करणारा त्या चित्राचा चित्रकार आहे का, हे साखळी विचारत नाही. जानेवारी 2022 मध्ये ओपनसी या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या एनएफटी बाजारानं स्वतःच सांगितलं की, त्यांच्या फुकट नोंदणीच्या सोयीनं तयार झालेल्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक गोष्टी उचलेगिरी, बनावट संग्रह किंवा कचरा होत्या. प्रत्येक पुनर्विक्रीवर कलाकाराला हक्काचा वाटा आपोआप मिळेल, या आश्वासनावर कितीतरी चित्रकार तिकडे गेले होते. तो वाटा साखळीच्या नियमांत नव्हता, बाजार चालवणाऱ्यांच्या मर्जीत होता. कमी शुल्काचे प्रतिस्पर्धी आल्यावर ओपनसीनंही ऑगस्ट 2023 मध्ये सक्तीची वसुली सोडून देत असल्याचं जाहीर केलं. कलाकारांची ही फसगत मला साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागते, कारण नफेबाज पुढच्या सौद्याकडे वळले आणि वर्षानुवर्षांच्या कमाईचं स्वप्न दाखवलेले लोक मागे राहिले.

ओपनबझारही टिकला नाही. कमिशन नाही म्हणजे उत्पन्न नाही, आणि चांगले मॉडरेटर, शोधयंत्रणा, तक्रारनिवारण यांना पैसा लागतोच. 2017 च्या शुल्कवाढीनं बिटकॉइनमधली किरकोळ खरेदी आटली. मग इतर नाणी जोडली, मोबाइल ॲप काढलं. 2021 च्या सुरुवातीला त्यामागच्या कंपनीनं आपले सर्व्हर बंद केले. कुणालाही बंद पाडता न येणारा बाजार गिऱ्हाईक नसल्यानं ओस पडला.

आपल्याकडे या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. क्रिप्टो व्यवसायांना बँकसेवा नाकारणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं. पुढे 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आला, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करायची सोय नाही. 1 जुलैपासून, ठरावीक मर्यादेच्या वर, हस्तांतरणावर 1 टक्का टीडीएसही आला. बिटकॉइन देऊन दोनशे रुपयांचं ई-पुस्तक घेणं हेही कायद्याच्या लेखी बिटकॉइनचं हस्तांतरणच. घेतला तेव्हाचा भाव, दिला तेव्हाचा भाव आणि मधला नफा यांची नोंद ठेवायला हवी. मार्च 2023 पासून क्रिप्टोची देवाणघेवाण किंवा सांभाळ करणारे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत, त्यांना ग्राहकांची ओळख तपासावी लागते. किल्ल्या सांभाळणंही सोपं नाही. मुंबईच्या वझीरएक्समधून जुलै 2024 मध्ये सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, आणि ती ज्या वॉलेटमधून गेली त्याला एकापेक्षा जास्त सह्या लागत होत्या.

त्यामुळे पुण्या-नाशिकच्या एखाद्या लेखकाला किंवा दिवाळी अंकाच्या संपादकाला भारतातल्या वाचकांना डिजिटल प्रत विकायची असेल, तर आज यूपीआयशिवाय दुसरा विचार करण्याचं कारण नाही. पैसे काही सेकंदांत येतात आणि 2020 पासून त्यावर दुकानदाराला शुल्कही नाही. परदेशातल्या मराठी वाचकाकडून छोटी रक्कम घेणं मात्र अजून कटकटीचं आणि महाग आहे. तिथं क्रिप्टोला खरी जागा निघू शकते आणि त्यावर काम करणाऱ्या तरुणांना मी नाउमेद करणार नाही. त्यांना एकच सांगणं आहे: वॉलेट आणि साखळी निवडण्याआधी तक्रार कोण ऐकणार, किती दिवसांत ऐकणार आणि त्याचा पगार कुठून निघणार, हे लिहून काढा. आणि वाचकहो, अशा बाजारात माल घ्यायला किंवा विकायला जाल तेव्हा हाच प्रश्न आधी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तिथं पैसेही ठेवू नका आणि आपली कलाही.