चौथ्या इंजिनाची ठिणगी

२ ऑक्टोबर २०१९. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक बी-१७ बॉम्बर उडालं. ‘नाइन-ओ-नाइन’ नावाचं हे विमान कॉलिंग्ज फाउंडेशन ही संस्था गावोगाव न्यायची आणि पैसे भरणाऱ्यांना त्यातून फेरी मारून आणायची. आत तेरा जण होते. काही मिनिटांतच वैमानिकाने चौथ्या इंजिनाचं कारण सांगून परत उतरायची परवानगी मागितली. विमान वळलं, पण धावपट्टीपर्यंत पोचलं नाही. अलीकडच्या दिव्यांच्या खांबांना धडकलं, जमिनीला टेकून उजवीकडे भरकटलं आणि बर्फ वितळवणाऱ्या द्रवाच्या टाकीवर आदळून पेटलं. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी गेले.

त्याच दिवशी तर्क सुरू झाले. उडण्याआधी चौथं इंजिन त्रास देत होतं आणि त्यातला दमटपणा काढायचा प्रयत्न झाला होता, म्हणून कुणी म्हणालं दमटपणाच भोवला. सकाळीच टाकीत १६० गॅलन, म्हणजे सुमारे ६०० लिटर इंधन भरलं होतं, म्हणून कुणी म्हणालं चुकीचं इंधन. आणि विमान चौऱ्याहत्तर वर्षांचं, म्हणून बाकीचे म्हणाले, एवढं जुनं यंत्र पडणारच.

यातला इंधनाचा तर्क काही खुळचट नव्हता. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात जेटचं इंधन गेलं, तर सिलिंडरमधलं मिश्रण शांतपणे जळत जाण्याऐवजी एकदम भडकतं आणि धातूवर ठोके बसतात. गाडीच्या भाषेत आपण याला नॉकिंग म्हणतो. असे ठोके बसल्याच्या खुणा पुढे तिसऱ्या इंजिनात सापडल्याही. पण ज्या टँकरमधून ते भरलं होतं, त्यातलं इंधन तपासलं तेव्हा ते स्वच्छ आणि योग्य जातीचंच निघालं. खुणा खऱ्या होत्या, कारण दुसरं होतं.

ते कारण समजायला मॅग्नेटो समजला पाहिजे. या इंजिनात नऊ सिलिंडर, प्रत्येकात दोन स्पार्क प्लग. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिन फिरलं की मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. असे दोन मॅग्नेटो, प्रत्येकाकडे नऊ प्लग. एक बंद पडला तर दुसरा इंजिन चालू ठेवतो, ताकद थोडी कमी होते इतकंच. म्हणूनच उडण्याआधी एकेक मॅग्नेटो वेगळा चालवून फेरे किती उतरतात ते बघतात.

आता जो स्वतःच वीज करतो, तो बंद कसा करायचा? जुनी लुना आठवा. बटण दाबलं की करंट प्लगकडे जाण्याऐवजी बॉडीत उतरायचा, अर्थ व्हायचा, आणि गाडी गप्प. विमानातही तेच. मॅग्नेटोपासून स्विचपर्यंत एक तार असते, ती अर्थ झाली की ठिणगी थांबते. यात मोठं शहाणपण आहे: हवेत ही तार तुटली तरी मॅग्नेटो चालूच राहतो. पण ती सैल होऊन मॅग्नेटोच्या धातूच्या घराला टेकली, तर स्विच चालू असूनही मॅग्नेटो बंद पडतो.

चौथ्या इंजिनाच्या डाव्या मॅग्नेटोची नेमकी हीच तार आपल्या जागेतून निसटलेली होती. कुणीतरी ती साध्या बारीक तारेने बांधून ठेवली होती. तपासनिसांनी ती हलवून पाहिली, तर ती घराला टेकून ठिणगी थांबत होती. मग उजव्या मॅग्नेटोने भार उचलायला हवा होता. पण त्याचा आतला भाग झिजलेला, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटचा गॅप हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी. चाचणीत त्याने नऊपैकी चार सिलिंडरना क्षीण ठिणगी दिली किंवा दिलीच नाही. तिसऱ्या इंजिनाच्या प्लगांवर काजळी होती आणि त्यांचेही गॅप बिघडलेले होते. मला सगळ्यात अस्वस्थ करते ती ती बांधलेली तार. कुणाला तरी दोष दिसला होता, हात तिथवर पोचलाही होता.

पण एवढ्यानेही विमान पडायलाच हवं होतं असं नाही. बी-१७ तीन इंजिनांवर उडू शकतं. इथे तिसरं आणि चौथं दोन्ही उजव्या पंखावरची. चौथं बंद, तिसरं दुबळं, उंची जेमतेम पाचशे फूट. अशा वेळी वेग हीच पुंजी असते आणि हवेला अडणारी प्रत्येक गोष्ट ती खाते. वैमानिकाने धावपट्टी हाताशी येण्याआधीच चाकं खाली सोडली. दोन भलीमोठी चाकं वाऱ्यात लोंबू लागली, वेग घसरला, आणि तो परत मिळवायला ना ताकद होती ना उंची. दीड वर्षाने आलेल्या अहवालात अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हेच मुख्य कारण ठरवलं: इंजिनांची ताकद गेल्यावर विमानाचा वेग आणि चाकांची स्थिती नीट सांभाळली गेली नाही. अपुऱ्या देखभालीने त्यात भर घातली. चाकं वर ठेवून वेग राखला असता, तर विमान बहुधा दिवे ओलांडून धावपट्टीवर टेकलं असतं. या वैमानिकाचे बी-१७ वरचे सुमारे ७,३०० तास झालेले होते आणि देखभालीची जबाबदारीही त्याच्याकडेच होती.

त्यामुळे ‘जुनं होतं, पडलं’ हे मला मान्य नाही. पंख मोडला नव्हता, सांगाडा विरला नव्हता. बिघडले होते ते प्लग, पॉइंट आणि एका तारेचं टोक, म्हणजे ठरल्या तासांनी तपासायच्या आणि बदलायच्या वस्तू. २५ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने कॉलिंग्ज फाउंडेशनची पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली.