टेकमधील पुरवणी : आणणे, ठेवणे, हाक मारणे

व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा ग्रॅच्युइटी किंवा बोनसच्या कायद्याची असावी. मी विषय दिला तो संगणकावरील अक्षरजुळणीचा. ‘तुमचा आणि याचा काय संबंध?’ असे एका सभासदाने विचारलेच. प्रश्न रास्त होता. मी दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस. संगणकाचे शिक्षण मला कोणी दिलेले नाही. तथापि संबंध आहे, आणि तो आधी सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे निरर्थक ठरेल.

२००४ साली आमच्या संघटनेने एका कारखान्यात वेतनकरार केला. कराराची पुस्तिका आम्ही गावातल्या एका दुकानात जुळवून घेतली. साठ पाने, त्यांत कामगारांची नावे, नेमणुकीच्या तारखा आणि श्रेणींचे तक्ते. दुकानदाराने काम चोख केले आणि आम्हांला एक तबकडी दिली. २०१७ मध्ये निवृत्त कामगारांच्या थकबाकीचा दावा उभा राहिला, तेव्हा ती तबकडी बाहेर काढली. पडद्यावर उमटले ते इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचे कडबोळे. मजकूर ज्या फाँटात टंकलेला होता तो त्या दुकानापुरताच होता. दुकान केव्हाच बंद झाले होते. शेवटी एका झेरॉक्स प्रतीवरून साठही पाने पुन्हा टंकावी लागली. त्यात एका कामगाराच्या नेमणुकीचे साल चुकले. चूक समोरच्या वकिलाने दाखविली आणि तारीख पुढे गेली. पुढच्या तारखेला तो कामगार नव्हता. त्याची पत्नी आली होती.

तेव्हापासून संघटनेचा मजकूर दुसऱ्याच्या कुलपात ठेवायचा नाही, असे मी ठरविले. शोध घेता घेता मी ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या पद्धतीपर्यंत पोहोचलो.

टेकचा जन्मही एका मुद्रितामुळेच झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथाचा एक खंड पूर्वी शिशाच्या खिळ्यांनी जुळविला गेला होता. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी छपाईचे तंत्र बदलले होते. १९७७ साली नवी मुद्रिते त्यांच्या हाती आली तेव्हा अक्षरांचे रूप पाहून ते नाराज झाले आणि जुळणीचे काम संगणकाकडून नीट कसे करून घेता येईल याच्या मागे लागले. त्यातून टेक निघाले. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात त्यावर ‘लाटेक’ हा सोपा मजला चढविला. कनूथ यांनी टेकच्या गाभ्यात नवी भर घालणे १९९० च्या सुमारास थांबविले. त्यानंतर केवळ चुका दुरुस्त होतात. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या क्रमांकात ‘पाय’ या संख्येचा एकेक अंक वाढतो : ३.१४, ३.१४१, असे.

यातील लेखन म्हणजे साधा मजकूर असतो. तो कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या संपादकात उघडतो. ठळक कोठे, मथळा कोठे, तक्ता कोठे, हे त्या मजकुरातच खुणांनी लिहिलेले असते. टेक त्या खुणा वाचून पाने जुळवते.

आता गाभा गोठलेला असेल, तर नव्या गरजा कशा भागायच्या? त्यासाठी पुरवण्या आहेत. त्यांना तेथे ‘पॅकेज’ म्हणतात. वर्तमानपत्राचा मूळ अंक तोच राहतो आणि त्याला पुरवणी जोडली जाते, तसेच हे. कोणी तक्त्याची पुरवणी लिहिली, कोणी संगीताच्या स्वरलिपीची, कोणी बुद्धिबळाच्या पटाची. या सर्वांचे एक सामाईक भांडार ‘सीटॅन’ या नावाने १९९० नंतरच्या दशकात उभे राहिले. त्याच्या प्रती जगभर ठेवलेल्या असतात, त्यात आज सहा हजारांहून अधिक पुरवण्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक कोणासही मोफत नेता येतात. लिहिणारे बहुतांशी स्वेच्छेने लिहितात. वर्गणीवर चाललेल्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला हा व्यवहार परका वाटत नाही.

मात्र नवखा माणूस अडतो तो येथेच. माझे झाले ते सांगतो. करारातील वेतनाचा तक्ता करायचा होता. एका खात्याचे नाव डावीकडे एकदाच, आणि त्यासमोर चार श्रेणींच्या चार ओळी. उभी घरे अशी एकत्र करण्यासाठी ‘मल्टिरो’ नावाची पुरवणी आहे, हे वाचून मी तिचे नाव मजकुरात लिहिले. जुळणी सुरू केली, आणि यंत्र थबकले. ‘मल्टिरो, एस-टी-वाय : फाइल सापडत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली आणि खाली त्याने मलाच फाइलचे नाव विचारले. मी काहीबाही टंकीत गेलो. ते पुन्हा पुन्हा विचारीत गेले. रात्रीचे अकरा वाजले तेव्हा मी संगणक सरळ बंद केला आणि हे काम शिकलेल्या लोकांचे आहे, असे म्हणून झोपलो.

झोप आली नाही, आणि आठवण झाली ती छापखान्याची. पंधराव्या वर्षी मी तालुक्याच्या गावी एका छापखान्यात उमेदवारी केली होती. तेथे माझे काम एकच : छापून झालेले खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकणे. जुळारी खिळ्याकडे पाहत नसे. त्याचा हात सवयीने त्या खणाकडे जाई. मी ‘ब’ चुकून ‘व’च्या खणात टाकला, की दुसऱ्या दिवशी मुद्रितात ‘वळ’च्या जागी ‘बळ’ येई आणि मला बोलणी बसत. खिळा छापखान्यात असून भागत नाही. तो त्याच्या खणात असावा लागतो. टेकचेही नेमके असेच आहे. ते संगणकभर शोधत बसत नाही. ठरलेल्या फडताळांतील ठरलेल्या खणांतच पाहते. तेथे वस्तू नसेल तर ‘सापडत नाही’ म्हणते. त्यात आपला अपमान नाही आणि यंत्राचे गूढही नाही.

म्हणून तीन प्रश्न विचारावेत. वस्तू आणली आहे का? ती योग्य खणात आहे का, आणि त्या खणाची नोंद झाली आहे का? मजकुरात तिला हाक मारली आहे का?

पहिला प्रश्न आणण्याचा. टेक आपल्याकडे संचाच्या रूपाने येते. ‘टेक लाइव्ह’ हा एक संच, ‘मिकटेक’ हा दुसरा. पूर्ण संच घेतला तर बहुतेक पुरवण्या आधीच घरात असतात. छोटा संच घेतला तर लागेल तशी आणावी लागते. टेक लाइव्हमध्ये त्यासाठी एक भांडारपाल आहे. आज्ञेच्या खिडकीत रोमन अक्षरांत टी-एल-एम-जी-आर, जागा सोडून ‘इन्स्टॉल’, जागा सोडून पुरवणीचे नाव, एवढे टंकावे. तो भांडारातून पुरवणी आणतो, खणात ठेवतो आणि नोंदवहीही भरतो. मिकटेकमध्ये पुरवणी नसेल तर ‘आणू का?’ असे तो स्वतःच विचारतो. ज्यांनी उबंटू किंवा डेबियनच्या स्वतःच्या कोठारातून टेक घेतले असेल, त्यांनी मात्र पुरवण्याही त्याच कोठारातून घ्याव्यात. तेथे त्या सुट्या न मिळता गठ्ठ्याने मिळतात. एका घरात दोन कोठावळे ठेवले तर हिशेब लागत नाही.

येथे एक खाचखळगा सांगतो. टेक लाइव्हची दरवर्षी नवी आवृत्ती निघते. नवे वर्ष लागले, की जुन्या वर्षाचा भांडारपाल नव्या भांडारातून माल घेण्यास नकार देतो. ते त्याचे बिघडणे नव्हे. एक तर नव्या वर्षाचा संच बसवावा, किंवा त्याला त्या जुन्या वर्षाच्या जपून ठेवलेल्या भांडाराचा पत्ता द्यावा.

दुसरा प्रश्न ठेवण्याचा. भांडारपालाने आणलेल्या वस्तूबाबत तो उद्भवत नाही. परंतु एखाद्या सहकाऱ्याने पुरवणी पेनड्राइव्हवर दिली, किंवा आपणच भांडारातून हाताने उतरवून घेतली, तर ती ठेवण्याचे काम आपले. पुष्कळदा हाती येते ती तयार फाइल नसते; ‘डी-टी-एक्स’ आणि ‘आय-एन-एस’ अशा शेपटांच्या दोन फाइली येतात. पहिलीत मूळ माल आणि माहिती एकत्र असते. दुसरी लाटेकमधून चालविली, की पहिलीतून ‘एस-टी-वाय’ ही कामाची फाइल वेगळी निघते. भुईमुगाची शेंग फोडून दाणे काढावेत, तसे हे.

निघालेली फाइल ठेवण्यास तीन जागा आहेत. पहिली, आपल्या मजकुराच्या शेजारी, त्याच फोल्डरात. काम तत्काळ होते, पण ही मुक्कामाची जागा नव्हे. दुसरी, आपले घरगुती फडताळ. टेक लाइव्हमध्ये विंडोज आणि लिनक्सवर ते आपल्या घरच्या फोल्डरात ‘टेक्स-एम-एफ’ या नावाने करावयाचे असते. त्याच्या आत टेक, त्याच्या आत लाटेक, त्याच्या आत पुरवणीच्या नावाचा खण. या घरगुती फडताळाची नोंद करावी लागत नाही. तिसरी जागा, संगणक वापरणाऱ्या सर्वांसाठीचे सामाईक फडताळ. तेथे काही ठेवले, तर नोंदवही नव्याने लिहावयास सांगावी लागते. त्या आज्ञेचे एक सोपे नाव ‘टेक्सहॅश’ असे आहे. वस्तू खणात आहे, पण वहीत नाही, म्हणून ‘सापडत नाही’, असा घोटाळा येथेच होतो. हजेरीपटावर नाव नसलेला कामगार दिवसभर यंत्रावर उभा राहिला तरी गैरहजरच, त्यातला हा प्रकार.

फाइल खरोखर सापडते की नाही, हे विचारण्याची सोय आहे. ‘के-पी-एस-ई-व्हिच’ ही आज्ञा द्यावी आणि पुढे शेपटासह फाइलचे नाव लिहावे. सापडली तर ती पूर्ण पत्ता सांगते. न सापडल्यास मौन पाळते. मला या आज्ञेने अनेक रात्री झोप दिली आहे. कारण आणखी एक खोडी असते. टेक आधी शेजारी पाहते, मग घरच्या फडताळात, आणि मग मुख्य संचात. तीन वर्षांपूर्वी आपण शेजारी ठेवलेली जुनी प्रत विसरलो, तर संच कितीही नवा आणा, वापरली जाईल ती जुनीच. पत्ता पाहिला, की चोर सापडतो.

तिसरा प्रश्न हाक मारण्याचा. पुरवणी आणली, ठेवली, तरी ती आपणहून कामाला लागत नाही. मजकुराच्या आरंभी लेखाचा प्रकार सांगणारी ओळ असते; तिच्यानंतर आणि प्रत्यक्ष मजकूर सुरू होण्यापूर्वी, तिरकी रेघ देऊन ‘यूजपॅकेज’ असे लिहून महिरपी कंसात पुरवणीचे नाव लिहावे लागते. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले, तरी पुन्हा तेच ‘सापडत नाही’. आणि यंत्र फाइलचे नाव विचारीत अडून बसले, तर माझ्यासारखे वाद घालू नये : एक्स टंकून एंटर दाबावे, बाहेर पडावे आणि तिन्ही प्रश्न क्रमाने तपासावेत. पुरवणी वापरायची कशी, हे ‘टेक्सडॉक’ ही आज्ञा देऊन पुढे तिचे नाव लिहिल्यास कळते. माहितीपुस्तिका सोबत आलेली असेल तर ती उघडते.

मराठीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मराठी मजकुरासाठी ‘झीटेक’ किंवा ‘लुआटेक’ या नव्या यंत्रांवरील लाटेक घ्यावे आणि ‘फाँटस्पेक’ ही पुरवणी लावावी. मग संगणकावरील कोणताही युनिकोड देवनागरी फाँट चालतो. मात्र पुरवणी आणि फाँट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक आणली म्हणून दुसरी येत नाही. शिवाय फाँट सांगताना लिपी देवनागरी आहे, हेही सांगावे लागते. ते राहिले, तर ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी न बसता मागे जाते आणि जोडाक्षरे फुटतात. पुष्कळ लोक तेवढ्यावरून ‘यात मराठी येत नाही’ असे म्हणून परततात. वास्तविक एक शब्द लिहावयाचा राहिलेला असतो.

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, की दुकानात पैसे देऊन काम होत असता हा खटाटोप कशाला? दुकानदाराने चार पैसे मिळवावेत, याला माझा विरोध नाही. तोही कष्टकरीच आहे. परंतु साध्या मजकुरात लिहूनही पुरवणी बसविण्यासाठी प्रत्येक वेळी दुसऱ्याचे पाय धरावे लागत असतील, तर कुलूप बदलले, एवढेच म्हणावे लागेल. किल्लीचे काम हे तीन प्रश्न करतात. आणि येथेही सावधगिरी हवी. गाभा गोठलेला असला तरी पुरवण्या बदलत राहतात. म्हणून मजकुराच्या आरंभी ‘लिस्टफाइल्स’ ही खूण लिहावी, म्हणजे कोणती पुरवणी कोणत्या तारखेची वापरली, त्याची यादी जुळणीच्या नोंदीत उतरते. ती यादी आम्ही मजकुरासोबत जपून ठेवतो.

आमच्या कचेरीत आता एका निवृत्त कामगाराची मुलगी हे काम पाहते. २००४ च्या करारातील नावे आणि तारखा तिने मूळ सेवापुस्तकांशी ताडून पुन्हा लिहून काढल्या. चुकलेले ते साल दुरुस्त झाले आहे. त्या पानाची एक छापील प्रत आम्ही त्या बाईंना घरी नेऊन दिली. त्यांनी नाव वाचले, तारखेवरून बोट फिरविले आणि ‘आता बरोबर आहे’ एवढेच म्हणाल्या.