फोनच्या पलीकडे कोण असतं?

आत्महत्येची बातमी छापली की तिच्याखाली बारीक टायपात एकदोन हेल्पलाइनचे क्रमांक येतात. मालिका सुरू होण्याआधी पडद्यावर पट्टी झळकते, कॉलेजच्या सूचनाफलकावर पत्रक लावलेलं असतं. क्रमांक असे सगळीकडे दिसतात. ते फिरवल्यावर पुढे काय घडतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मग माणूस अंदाज बांधतो. कुणाला वाटतं पोलीस दारात येतील, कुणाला वाटतं उपदेश ऐकावा लागेल, आणि बहुतेकांना वाटतं की हे आपल्यासाठी नाहीच. या अंदाजांपायी ज्यांनी फोन करायला हवा तेच करत नाहीत. म्हणून हे गैरसमज एकेक करून बघायला हवेत.

‘अगदी टोकाला गेलेल्यांसाठीच असते ती’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. त्याचं मूळ हेल्पलाइनच्या जन्मातच आहे, त्यामुळे थोडं मागे जाऊ.

चॅड व्हारा हे इंग्लंडमधले धर्मगुरू. 1935 साली, तरुण असताना, त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यसंस्कार करावे लागले. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती, आपल्याला काहीतरी भयंकर लैंगिक रोग झालाय असं तिला वाटलं आणि तिने जीव दिला. विचारायला तिला कुणीच नव्हतं. ही गोष्ट व्हारांच्या मनातून गेली नाही. 2 नोव्हेंबर 1953 रोजी लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी एक फोन ठेवला आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांनी आपल्याशी बोलावं, असं आवाहन केलं. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली.

पुढे जे झालं ते त्यांनाही अनपेक्षित होतं. लोक नुसते फोन करून थांबेनात, भेटायलाही येऊ लागले. व्हारा एकटे, रांग लांब. ताटकळणाऱ्यांना चहा-कॉफी द्यावी, चार शब्द बोलावेत म्हणून काही स्वयंसेवक मदतीला आले. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की बरीच माणसं या स्वयंसेवकांशी बोलूनच हलकी होतात आणि आपल्याला न भेटताच घरी जातात. फेब्रुवारी 1954 मध्ये त्यांनी फोन या साध्या माणसांच्या हाती सोपवला. जगभरातल्या स्वयंसेवी हेल्पलाइन आज याच पायावर उभ्या आहेत.

रांगेतल्या त्या माणसांपैकी सगळे काही मरायला निघालेले नव्हते. आजही नसतात. नोकरी गेल्याचं घरी न सांगितलेला माणूस, नीटचा निकाल लागल्यापासून खोलीबाहेर न पडलेली मुलगी, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करून थकलेली सून, नवरा गेल्यानंतर जिला संध्याकाळ खायला उठते अशी आजी, या सगळ्यांना तो फोन खुला असतो. ‘माझं दुःख एवढं मोठं नाही, उगाच कुणाचा तरी वेळ घेईन’ असं म्हणून मागे राहणारी माणसं मला फार दिसतात. दुःखाला किमान मोजमाप नसतं. ते असह्य होण्याआधी बोललेलं केव्हाही बरं.

‘ते काय सांगणार? सल्लाच देणार ना!’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. काही हेल्पलाइन भावनिक आधारासाठी असतात, काही माहिती आणि प्रत्यक्ष मदतीसाठी, काही थोडं दोन्ही करतात. चुकीच्या ठिकाणी फोन केला, तर रेशनच्या खिडकीवर रेल्वेचं तिकीट मागितल्यासारखं होतं आणि माणूस वैतागून म्हणतो, ‘काही उपयोग नाही यांचा.’

नवी मुंबईची ‘आसरा’, पुण्याची ‘कनेक्टिंग ट्रस्ट’, डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 साली चेन्नईत सुरू केलेली ‘स्नेहा’ या स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्था. त्यांचं मुख्य काम ऐकण्याचं. ‘घटस्फोट घे’ किंवा ‘घेऊ नको’ असं तिथे कुणी सांगणार नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2012 साली सुरू केलेल्या ‘आय-कॉल’वर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे, क्रमांक 14416. तिथे आधी समुपदेशक बोलतो आणि गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. वृद्धांसाठी 14567 ही ‘एल्डर लाइन’ आहे. टाटा ट्रस्टच्या मदतीने हैदराबादेत सुरू झालेला हा उपक्रम पुढे देशभर नेला गेला. पेन्शन कुठे अडलं, मुलगा घराबाहेर काढतोय तर कायदा काय सांगतो, जवळपास वृद्धाश्रम कोणता, अशा प्रश्नांना तिथे उत्तर मिळतं, आणि एकटेपणाबद्दल बोलायचं असेल तर तेही बोलता येतं.

ऐकणं म्हणजे नेमकं काय, ते एका फोनवरून दाखवते. हा कुणा एकीचा फोन नव्हे, अशा फोनांची नेहमीची घडण आहे. पलीकडून पहिलं वाक्य बहुधा असं येतं: ‘काही नाही, सहज केला.’ उचलणारी म्हणते, ‘बरं केलंत. सावकाश बोला.’ मग शांतता. घरातल्या माणसाला ही शांतता सोसत नाही, तो लगेच ‘अगं, काय झालं सांग ना’ म्हणतो. इथे ती सोसायला शिकवलेलं असतं. थोड्या वेळाने: ‘मिस्टर बोलतच नाहीत माझ्याशी.’ आपल्यापैकी कुणीही इथे म्हणेल, ‘अहो, सगळ्यांचे नवरे असेच असतात.’ झालं, दार बंद. स्वयंसेविका विचारते, ‘किती दिवसांपासून हे असं चाललंय?’ आणि मग, ‘तुम्ही दिवसभर घरात एकट्याच असता का?’ पंधरा-वीस मिनिटांनी खरी गोष्ट बाहेर येते आणि ती पुष्कळदा पहिल्या वाक्यापेक्षा अगदी वेगळी असते.

‘त्यात काय, ऐकायला कुणालाही येतं’

येत नाही. स्वयंसेवकांची निवड होते, प्रशिक्षण होतं, खोटे फोन लावून सराव करून घेतला जातो, आणि प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावरही अनुभवी माणसांची देखरेख असते. ज्याच्या आवाजात न्यायाधीश डोकावतो, त्याला हे काम जमत नाही. जड फोन झाल्यावर स्वयंसेवकालाही कुणाशी तरी बोलावं लागतं. त्याची सोय नसेल, तर चांगली माणसं काही महिन्यांत थकून निघून जातात.

कॅनडातले संशोधक ब्रायन मिशारा यांनी अमेरिकेतल्या हेल्पलाइनवर आलेले फोन परवानगीने ऐकून 2007 साली निष्कर्ष मांडले, ते मला महत्त्वाचे वाटतात. 1,431 फोनांपैकी जवळजवळ निम्म्या फोनांत उचलणाऱ्याने ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ हे विचारलंच नव्हतं. दुसरं असं की नुसतं ‘हं, हं’ करत ऐकण्याचा आणि फोन करणाऱ्याला बरं वाटण्याचा संबंध दिसला नाही. सहानुभूती, आदर आणि ‘आता पुढे काय करता येईल ते दोघं मिळून बघू’ ही वृत्ती असलेल्या फोनांत मात्र फरक पडलेला दिसला. म्हणजे हेल्पलाइनचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो, हे मान्य करायला हवं. एकदा वाईट अनुभव आला तर दुसरा क्रमांक लावावा. दोष फोन करणाऱ्याचा नसतो.

‘आत्महत्येचं नाव काढलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल’

ही भीती आईवडिलांना असते, शिक्षकांना असते आणि शिकाऊ स्वयंसेवकांनाही असते. न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं होतं, काहींना नाही. विचारलेल्या मुलांत त्रास किंवा असे विचार वाढलेले आढळले नाहीत. आधीपासून खचलेल्या मुलांना तर विचारल्याने काहीसा दिलासाच मिळाल्याचं दिसलं. म्हणून प्रशिक्षणात हा प्रश्न आडवळणाने न विचारता स्वच्छ शब्दांत विचारायला शिकवतात: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ आपल्या माणसाबद्दल शंका असेल तर घरीही असंच विचारावं. ‘तसलं काही वेडंवाकडं नाही ना तुझ्या डोक्यात?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही’च म्हणणार, आपल्याला कोणतं उत्तर हवंय हे त्याला कळलेलं असतं.

‘फोन केला की पोलीस येतील, सगळीकडे बभ्रा होईल’

आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता, त्यामुळे ही धास्ती निराधार नव्हती. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने चित्र पालटलं. त्याच्या कलम 115 नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही आणि उपचार, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारने घ्यायची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 309 सारखं कलम उरलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामात दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला, तर त्याबद्दलची तरतूद मात्र आहे. आणि नुसता विचार येणं किंवा तो फोनवर बोलून दाखवणं हा गुन्हा कधीच नव्हता.

गुप्ततेबद्दल मात्र अर्धवट आश्वासन देऊ नये. स्वयंसेवी हेल्पलाइनवर नाव सांगण्याची सक्ती नसते आणि बोललेलं घरी किंवा ऑफिसात कळवलं जात नाही. पण जीव या क्षणी धोक्यात असेल, तर काही संस्था तातडीची मदत पाठवायचा प्रयत्न करतात. त्यांचा नियम काय, हे सुरुवातीलाच विचारायला हरकत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं समजलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. तिथे हेल्पलाइन गप्प बसू शकत नाही, आणि बसूही नये.

मुलांची 1098 ही सेवा तर मुळातच धावून जाण्यासाठी जन्मली. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया मुंबईत स्टेशनवर आणि रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांना आपल्या घरचा नंबर द्यायच्या, आणि अडचणीतल्या मुलांचे फोन रात्री-अपरात्री यायचे. त्यातून 1996 साली मुंबईत चाइल्डलाइन सुरू झाली. ‘दस-नौ-आठ’ असा उलटा मोजता येणारा क्रमांक शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलालाही पाठ व्हायचा. 2023 पासून ही सेवा सरकारी यंत्रणेत आली आणि 112 या तातडीच्या क्रमांकाशी जोडली गेली.

‘हे बायकांचं, पुरुष कशाला फोन करतोय’

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या 22,746 एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशभरात जीव देणाऱ्या दर दहांतले सातहून अधिक पुरुष होते. ‘मर्दासारखा मर्द आणि रडतोस काय’ हे ऐकत वाढलेल्या माणसाला समोरासमोर बोलणं जड जातं. जिथे आपला चेहरा दिसत नाही, गाव कळत नाही, तो फोन अशा माणसासाठीच जास्त सोयीचा. हे पुरुषांना सांगायचं काम बहुधा घरातल्या बायकांवर पडतं. मित्रांनीही ते अंगावर घ्यायला हवं.

‘मराठीत कोण बोलणार?’

टेलि-मानस वीस भाषांत चालते, त्यांत मराठी आहे.

‘दुसऱ्यासाठी थोडाच करता येतो फोन!’

करता येतो. वसतिगृहातली मैत्रीण जेवत नाही, धाकटा भाऊ सगळ्या वस्तू वाटून टाकतोय, वडील ‘आता माझं काय राहिलंय’ असं वरचेवर म्हणतात, अशा वेळी आपण काय बोलावं हे विचारायला फोन करणारेही असतात. छत्रपती संभाजीनगरची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असेल आणि काळजी करणारी आई घरी, तरी आईने फोन करायला हरकत नाही. औषध मात्र हेल्पलाइनवर मिळत नाही. झोप पूर्ण उडाली असेल, भास होत असतील, व्यसन सुटत नसेल, तर डॉक्टरकडे जावंच लागतं. चांगली हेल्पलाइन हे स्वतःहून सांगते आणि जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं तेही कळवते.

‘एकदा लावला, लागला नाही. सगळं दिखाऊ आहे’

चिडणं साहजिक आहे; धीर गोळा करून लावलेला फोन नुसता वाजत राहणं वाईटच. पण कारण बहुतेक वेळा साधं असतं. स्वयंसेवी संस्थांचे सगळे फोन चोवीस तास चालत नाहीत. पाळ्या भरायला माणसं कमी पडतात, जागेचं भाडं आणि फोनची बिलं देणग्यांवर भागतात. वर्षानुवर्षं पुढे पाठवले जाणारे जुने मेसेज ही आणखी एक अडचण. त्यांतले कितीतरी क्रमांक केव्हाच बंद पडलेले असतात. म्हणून क्रमांक संस्थेच्या स्वतःच्या पत्रकावरून घ्यावा, वेळ बघून ठेवावी आणि दोन क्रमांक मोबाइलमध्ये साठवावेत: एक बोलण्यासाठी, एक चोवीस तासांचा. खरी हेल्पलाइन ओटीपी, आधार क्रमांक किंवा पैसे मागत नाही. कुणी मागितले तर लगेच फोन ठेवावा. आणि कुणाचा जीव आत्ता, या क्षणी धोक्यात असेल तर आधी 112 लावावा, त्या माणसाला एकटं सोडू नये, बाकीचे फोन त्यानंतर.