औषधाच्या नावातच त्याचं काम!

घोडेगावच्या बाजारातून म्हैस आणली, की जंत-गोचिडांसाठी आज ना उद्या आयव्हरमेक्टिन लागतंच. हे नाव जरा फोडून बघा. ते ज्या अ‍ॅव्हरमेक्टिनपासून बनतं, त्यात 'अ' म्हणजे विरोधी, 'व्हर्म' म्हणजे जंत आणि 'एक्ट' म्हणजे अंगावरचे परजीवी.

ऑक्सिटोसिन हे औषधाचं नावही असंच बोलकं, ग्रीकमधून आलेलं : 'ऑक्सिस' म्हणजे जलद, 'टोकोस' म्हणजे प्रसूती.

आणि अशा नावांमध्ये आपल्याकडचं एक गावही आहे! १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'!

पुढच्या वेळी बाटलीवरचं ब्रँडखालचं बारीक नाव आवर्जून वाचा. डोस मात्र पशुवैद्यकांना विचारूनच द्या.