कामाच्या गावी जेवायचं कुठं?

जबलपूरला सहलीला गेलेल्या माणसाची जेवणाची फारशी पंचाईत होत नाही. तो भेडाघाटला जातो, धुवांधार बघतो, नावेत बसून संगमरवरी कडे न्याहाळतो आणि भूक लागली की सावकाश शोध घेत फिरतो, कारण त्याच्याकडे वेळ असतो. हाल होतात ते कामासाठी गेलेल्याचे. आणि जबलपूर हे तर कामासाठी जाण्याचंच गाव आहे. १९५६पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ इथे आहे. १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी, लष्करी ट्रक बनवणारी व्हेइकल फॅक्टरी, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय, वीज कंपन्यांचं शक्ती भवन, कृषी विद्यापीठ, लष्करी छावणी अशी या शहराची यादी लांबते. वकील, ऑडिटर, निविदा भरणारे पुरवठादार आणि कटनी-मंडला-सिवनी-नरसिंहपूर पालथं घालणारे एमआर या सगळ्यांना दोन-चार रात्री काढायला हेच गाव.

मराठी माणसाला ते परकंही नाही. १८१७पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर, तेव्हा जबलपूरचा माणूस सरकारी कामाला नागपूरला येई. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर दोन्ही गावं दोन राज्यांत गेली. गोलबाजार भागातलं दत्तमंदिर आणि मराठी मंडळींची शाळा आजही ही जुनी ये-जा सांगतात. मुक्काम आठवड्याचा असेल, तर घरगुती डबा कोण देतं याची चौकशी आधी तिथेच करावी.

दोन-तीन दिवसांचा मुक्काम असला की मात्र बहुतेक जण एकच गोष्ट करतात. दिवसभराच्या कामाने शिणून रात्री साडेनऊला लॉजवर येतात आणि खालच्याच 'मल्टिक्युझिन'मध्ये बसतात. कार्डावर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, काँटिनेंटल मिळून दीड-दोनशे पदार्थ. इतके पदार्थ रोज ताजे करणं कोणत्याही मुदपाकखान्याला झेपत नाही. मग सकाळीच लाल, पांढरी आणि पिवळी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात, भाज्या अर्ध्या शिजवून फ्रीजमध्ये जातात, आणि ऑर्डर आली की पनीर किंवा मटार त्या ग्रेव्हीत परतून वर क्रीम घालतात. कोल्हापुरी, कढाई, हंडी या नावांत फरक फक्त तिखटाचा. यात लबाडी नाही, धंद्याचं गणित आहे. पण रोज असं जेवणाऱ्याचं पोट तिसऱ्या दिवशी तक्रार करतं, आणि आपण म्हणतो की या गावचं पाणी सोसलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. परगावी चांगलं जेवायचं असेल, तर त्या गावचे नोकरदार आणि कामगार ज्या वेळेला जे खातात, तेच त्या वेळेला खावं. हॉटेलाच्या नावापेक्षा वेळ महत्त्वाची. ज्या पदार्थाला गर्दी असते त्याचं पातेलं तासाभरात रिकामं होतं आणि नवं चढतं. शिजवलेलं अन्न साठ अंशांच्या वर कडकडीत राहिलं किंवा पाच अंशांच्या खाली थंड राहिलं तर टिकतं. जंतू वाढतात ते या दोहोंच्या मध्ये, कोमट अवस्थेत. गर्दीच्या ठिकाणी अन्नाला कोमट व्हायला सवडच मिळत नाही.

जबलपूरचं घड्याळ सकाळी पोहे-जलेबीने सुरू होतं. पोहे वाफेवर ठेवलेले, वर शेव आणि कांदा, जोडीला गरम जलेबी. नागपूरच्या तर्रीची सवय असलेल्याला हे पोहे गोडसर वाटतील. पण साडेसात-आठला, शाळा-फॅक्टरीची गर्दी असताना खाल्ले तर मऊ, मोकळे लागतात. साडेदहाला त्याच टपरीवर गेलात, तर परातीच्या कडेला कोरडे पडलेले मिळतील. लॉजचा फुकटचा नाश्ता सोडून अर्धा तास आधी बाहेर पडावं, हा माझा आग्रह आहे.

दुपारची वेळ भोजनालयांची. कचेऱ्या आणि कोर्टाच्या आसपास, रेल्वे स्टेशनच्या बाजूला अशा पाट्या दिसतील. पाटी जुनी आणि कार्ड छोटं असलेलं बरं. वरण, एक रसभाजी, एक सुकी भाजी, भात, पोळी. रोज बदलतं ते भाजीचं नाव. इथे एक प्रश्न आवर्जून विचारावा : 'भैया, तवा रोटी मिलेगी?' तव्यावरची पोळी मिळत असेल, तर आत कोणीतरी कणीक मळून बसलेलं आहे आणि रोज येणारं गिऱ्हाईक आहे, एवढं कळतं. डाळीची चवही बघावी. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यात गाडरवाऱ्याची तूरडाळ होते, करेलीचा गूळ होतो. दोन्हींचं नाव मध्य प्रदेशभर आहे आणि दोन्ही जबलपूरला दारात मिळतात. या भागात साधं वरण बेचव निघालं, तर त्या स्वयंपाकघराबद्दल मनात शंका धरायला हरकत नाही.

महिन्याकडेही लक्ष ठेवावं. जबलपूर जिल्हा हिरव्या मटाराचा. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत जिल्ह्याने मटारच निवडला आहे. थंडीत पाटण, शहपुरा, मझौली भागातून मटाराच्या गाड्या बाजारात येतात, तेव्हा मटार कचोरी, मटाराची उसळ, मटार घातलेले पोहे जे मिळेल ते खावं. जुलैत कार्डावर दिसणारा मटार पनीर फ्रीजरमधला असणार. ऑक्टोबरपासून सिहोऱ्याकडून शिंगाडे येतात, उकडलेले शिंगाडे हातगाडीवर मिळतात. त्याच सुमारास नागपूरहून गाडीने येणाऱ्यांना वाटेत सिवनीची सीताफळं दिसतील. कामाच्या धावपळीत फळ खायचं राहूनच जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चारनंतर तळण. समोसे, आलूबोंडे आणि जबलपूरचे खास मंगोडे, म्हणजे भिजवलेली मूगडाळ भरड वाटून तळलेली भजी, सोबत हिरवी चटणी. परगावी तळलेलं टाळा असा सल्ला सरसकट देतात. मला तो पटत नाही. कढईकडे दोन मिनिटं बघावं. तेल वारंवार तापलं की त्यात घातक संयुगं साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के घालून दिली आहे आणि १ जुलै २०१८पासून तो नियम लागू आहे. मोजण्याचं यंत्र आपल्याकडे नसतं, डोळे असतात. तेल काळपट, चिकट झालेलं, कढईत काही नसताना धुरावणारं किंवा वरचा फेस विरत नसलेलं दिसलं तर पुढे चालू लागावं. तेल स्वच्छ आणि घाणा संपायच्या आत दुसरा पडत असेल, तर मंगोडे खावेत, पोटभर खावेत.

आणि कमानिया गेटला जावंच. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेली ही कमान. तिच्याजवळच बडकुल यांचं मिठाईचं दुकान आहे. हरप्रसाद बडकुल यांनी १८८९मध्ये सुरू केलेलं हे दुकान खोव्याच्या जलेबीसाठी ओळखलं जातं. खवा आणि तिखुर, म्हणजे आपल्याकडे उपवासाला वापरतात ते तवकीर, यांचं पीठ. ते तळलं की रंग गडद तपकिरी होतो आणि पाकात मुरल्यावर जलेबी मऊ, जड होते. मुंबईकरांना रमझानमध्ये मोहम्मद अली रोडवर मिळणारी बुऱ्हाणपुरी मावा जलेबी माहीत असते. ही तिच्या नात्यातली. शंभराहून अधिक वर्षं एकाच पदार्थावर उभ्या राहिलेल्या दुकानात चव शोधायला कुठलं ॲप लागत नाही. ज्या दुकानाचं नाव एका पदार्थाला चिकटलेलं आहे, तिथे तोच पदार्थ घ्यावा. बाकीची मिठाई कुठेही मिळते.

काम लवकर आटोपलं तर संध्याकाळी गक्कड-भरता शोधावा. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि भाजलेल्या वांग्या-टोमॅटो-बटाट्याच्या भरत्याबरोबर खायचे. वऱ्हाडात रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्लेल्याला याची ओळख करून द्यावी लागणार नाही. नर्मदेच्या काठी, ग्वारीघाटाकडे लोक कुटुंबकबिल्यासह जाऊन हे जेवण करतात, आणि आता शहरातही ते विकत मिळतं. निखारा पडायला आणि गोळा आतपर्यंत भाजायला वेळ लागतो. दहा मिनिटांत ताट आलं, तर गक्कड आधीचेच आहेत असं समजावं.

रात्रीचं, आणि एकटीने प्रवास करणाऱ्या बाईचं काय? हा प्रश्न पुरुषांनी लिहिलेल्या खाद्यलेखांत सहसा येत नाही. ऑडिटला, कोर्टात, बँकेच्या तपासणीला आता मुली एकट्या जातात. नऊ वाजता भोजनालयात सगळे पुरुष, फॅमिली रूममध्ये एकटीला बसवायला मालक नाखूश, म्हणून खोलीवर बिस्किटं खाऊन झोपणाऱ्या कित्येक जणी मी ऐकून आहे. जबलपुरात याला चांगलं उत्तर आहे ते इंडियन कॉफी हाउसचं. या साखळीतलं पहिलं कॉफी हाउस १९३६मध्ये मुंबईत चर्चगेटला निघालं. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७पासून कॉफी हाउसं स्वतःच चालवायला घेतली. त्यातल्या एका मोठ्या संस्थेचं मुख्यालय जबलपुरातच आहे. पगडी घातलेला जो वेटर तुमच्यासमोर डोसा ठेवतो, त्याचाही त्या संस्थेत वाटा असतो. एकट्या गिऱ्हाइकाला तिथे उठवत नाहीत, एका कॉफीवर फाइल वाचत बसलं तरी कोणी बघत नाही. इडली, डोसा, कटलेट, ऑम्लेट असं ठरलेलं, रोज खपणारं जेवण. चवीचा चमत्कार नाही, पण भरवसा आहे. आणि परगावी रात्री एकट्या माणसाला भरवसाच हवा असतो. मांसाहारी मंडळींनी सदरकडे वळावं. छावणीच्या शेजारी वाढलेला तो बाजार त्या बाबतीत उदार आहे.

मोबाइलवरच्या चांदण्यांबद्दल थोडं. त्या कोणी दिल्या हे बघा. वाढदिवसाला गेलेल्यांनी सजावटीला दिलेले पाच तारे तुमच्या वरणभाताला उपयोगाचे नाहीत. ज्याचा भत्ता आणि वेळ तुमच्याइतकीच आहे, त्याला विचारावं : वकिलाचा मुंशी, रेल्वेचा गार्ड, दवाखान्याबाहेर बॅग घेऊन थांबलेला एमआर. 'अच्छा होटल कौन-सा है' विचारलं की लोक महागडं दाखवतात. 'आप खुद दोपहर में कहाँ खाते हैं' विचारलं की खरं उत्तर येतं.

अमेरिकेत नेमकं हेच काम एका फिरत्या विक्रेत्याने केलं. डंकन हाइन्स छपाईच्या धंद्यासाठी गावोगाव फिरायचा. जिथे बरं जेवण मिळेल ती ठिकाणं तो वहीत टिपून ठेवी, जमेल तिथे स्वयंपाकघरही बघून घेई. १९३५च्या नाताळात त्याने शुभेच्छापत्राबरोबर १६७ ठिकाणांची यादी मित्रांना पाठवली. मागणी इतकी आली की पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं आणि ते अमेरिकेतल्या प्रवाशांचं मार्गदर्शक ठरलं. आपल्याकडचे जुने एमआर अशीच यादी नव्या पोराला तोंडी देत आले आहेत. ती लिहून ठेवली पाहिजे. गाव, ठिकाण, पदार्थ आणि वेळ या चार रकान्यांत काम भागतं.

आता राहिली एक अडचण, आणि ती जबलपूरची नाही, आपल्या कचेऱ्यांची आहे. पोहेवाला, मंगोडेवाला, छोटं भोजनालय जीएसटीचं छापील बिल देत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला कायद्याने नोंदणीच लागत नाही. पण अकाउंट्स विभाग बिलाशिवाय पैसे देत नाही, म्हणून माणूस पुन्हा त्या दीडशे पदार्थांच्या कार्डाकडे वळतो, जिथे बिल मिळतं आणि तेच जेवण तिप्पट किमतीला मिळतं. खरं तर अशा जेवणाच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट सर्वसाधारणपणे कंपनीला मिळतच नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)ने ते अडवलेलं आहे. म्हणजे या आग्रहात कंपनीच्या पदरात कराचा रुपयाही पडत नाही. ज्यांच्या हाती प्रवासभत्त्याचे नियम आहेत, त्यांना माझी विनंती आहे : जेवणासाठी दिवसाची एक रास्त रक्कम ठरवा, ती बिलं न मागता द्या आणि माणसाला त्या गावच्या माणसांबरोबर जेवू द्या.